हात हलला तरी

दोन वर्षं झाली, उषाताई नवऱ्याला कपभर चहा देत नव्हत्या. अर्धाच द्यायच्या आणि मग वरून पुन्हा अर्धा. कोणी पाहुणा बसलेला असला तर म्हणायच्या, "ह्यांना गरमागरमच लागतो बाई, जरा गार झाला की तोंड वाकडं करतात." खोटं, साफ खोटं! दिगूभाऊ कोमट चहासुद्धा मिटक्या मारत पिणारा माणूस. पण भरलेला कप त्यांच्या उजव्या हातात गेला की बशी खडखडायची आणि चहा लेंग्यावर यायचा. ते चारचौघांना दिसू नये म्हणून ही सगळी हुशारी.

दिगूभाऊंचा हात थरथरायला लागला होता. आता साठी उलटल्यावर कोणाचा थरथरत नाही हो? किराणावाल्याचा थरथरला तर चार दाणे इकडेतिकडे पडतील, कोणी विचारायला येणार नाही. पण दिगूभाऊ पडले फोटोग्राफर. इतवाऱ्यात 'उषा फोटो स्टुडिओ'ची पाटी लागली तेव्हापासून बुऱ्हाणपुरातली आणि तापीकाठच्या गावांतली निम्मी लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेलेली. खंडव्याच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, गोळ्या घ्या, पण हात पहिल्यासारखा व्हायचा नाही. दिगूभाऊंनी गोळ्या घेतल्या, आणि ही गोष्ट घराच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये अशी बायकोला शपथ घातली.

स्टुडिओत निभत होतं. तिथं कॅमेरा तिकाटण्यावर, गिऱ्हाईक स्टुलावर, बटण दाबलं की झालं. लग्नाचं कोणी विचारायला आलं की दिगूभाऊ मोठ्या मनानं सांगायचे, "आता पोरांचा जमाना आहे भाऊ. निंबाला सांगा, तो व्हिडिओपण काढतो." लोक म्हणायचे, काय दिलदार माणूस! उषाताई आतून ऐकायच्या आणि कढईत उलथनं जरा जोरातच आपटायच्या. दिलदार कसला, त्या रात्री जेवायचेसुद्धा नाहीत धड.

मग एक दिवस चुडामण पाटील आले. चुडामण म्हणजे तापीपलीकडच्या गावचे केळीवाले, दिगूभाऊंचे शाळेपासूनचे दोस्त. खांद्यावर केळीचा घड, खिशात पत्रिका, आणि ओसरीवर पाय ठेवायच्या आत आवाज, "दिगू, माझ्या धाकटीचं, वंदनाचं जमलं रे! वैशाखात उडवून देतो बार!"

"अरे वा! पोरगा कुठला?"

"नेपानगरचा. पेपर मिलमध्ये आहे. ते सोड. फोटोचं तुले काय सांगायचं? ये म्हणजे झालं."

उषाताई पाणी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. निंबाचं नाव घ्या, घ्या निंबाचं नाव. दिगूभाऊंनी उजवा हात मांडीखाली दाबला आणि म्हणाले, "सांगायला कशाला पाहिजे? माझी पोरगी आहे ती. मी नाही तर कोण काढणार?"

झालं! चुडामण खुशीत गेले, आणि त्यांची फटफटी गल्लीच्या टोकाला पोचते न पोचते तोच उषाताईंनी तोंड सोडलं.

"नाही म्हणता नाही आलं तुम्हाला?"

"चुडामणला नाही म्हणू?"

"मग खरं सांगायचं."

"काय सांगू? हात गेला म्हणून सांगू?"

"गेला कुठं? आहे की जागेवर. हलतो फक्त."

"फोटोग्राफरचा हलला म्हणजे गेलाच," दिगूभाऊ म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले.

आणि ते काही साधं लग्न नव्हतं. चुडामणच्या घराण्यात रीत आहे. पोरगी सासरी निघाली की परातीत कालवलेल्या कुंकवात दोन्ही तळवे बुडवते आणि दाराशेजारच्या भिंतीवर थापे उमटवते. एकदाच. त्यानंतर मागं वळून बघायचं नाही, सरळ गाडीत बसायचं. भिंत दर दिवाळीला चुन्यानं पांढरी होते आणि थापे पुसले जातात. मग राहतात ते फक्त फोटोत. चुडामणच्या मधल्या घरात तसबिरी आहेत रांगेनं, दोन बहिणींच्या आणि थोरल्या लेकीची, तळवे भिंतीला टेकवलेल्या. सगळ्या दिगूभाऊंच्या हातच्या. त्या रांगेत वंदनाची तसबीर लागायची होती. ती हललेली आली तर पोरगी काही दुसऱ्यांदा सासरी जाणार नव्हती.

उषाताईंनी शपथ मोडली. त्याचं त्यांना फार वाईट वाटलं असं काही नाही, खोटं कशाला बोला. भाजी आणायला म्हणून निघाल्या, चौकातल्या एसटीडीवर गेल्या आणि बंगलोरला पोराला फोन लावला. विनायक तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, मी पुढच्या महिन्यात कंपनीच्या कामाला सिंगापूरला चाललोय. बघतो काहीतरी."

रामनवमीच्या सुमारास विनायक आला तो काळ्या पिशवीत एक कॅमेरा घेऊनच. काय तो कॅमेरा! अंगानं लहान आणि तोंड एवढं मोठं, नुसतं भिंगच पुढं आलेलं. दिगूभाऊंनी तो डाव्या हातात घेतला, उलटापालटा केला, कानाजवळ नेऊन हलवून पाहिला.

"रील कुठून घालायची?"

"रील नाही बाबा. डिजिटल आहे. हे कार्ड." विनायकनं काडेपेटीहून लहान एक चकती काढून दाखवली. "ह्याच्यावर फोटो बसतात. मागच्या पडद्यावर लगेच दिसतात."

"धुवायचे कधी?"

"धुवायचेच नाहीत."

"धुवायचे नाहीत!" दिगूभाऊंनी उषाताईंकडे असं पाहिलं, जसं काही पोरगं जेवायचंच नाही म्हणालं.

"आणि ही झूम बघा. दहापट. लांबचं एकदम जवळ येतं. आणि मेन गोष्ट म्हणजे आतलं भिंग स्वतःला सावरून घेतं. म्हणजे बघा, हात हलला तरी चालतं."

विनायकला कळलं की आपण बोलून गेलो. दिगूभाऊंनी कॅमेरा पलंगावर ठेवला, अगदी सांभाळून, तान्हं पोर ठेवावं तसा.

"कोणाचा हात हलतो?" त्यांनी विचारलं.

विनायक रिकाम्या पिशवीची चेन उघडझाप करायला लागला.

"उषा, कोणाचा हात हलतो?"

"माझा," उषाताई म्हणाल्या. "माझा हलतो. फोन करताना फार हलत होता."

दिगूभाऊ चपला घालून निघून गेले. त्यानंतर विनायक होता तोवर ते त्याच्याशी क्रिकेटचं बोलले, पावसापाण्याचं बोलले, केळीच्या भावाचं बोलले, पण कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. पोरगं बिचारं जाताना आईलाच सगळं शिकवून गेलं. हे बटण चालू करायचं, हे फोटोचं, हे पुसायचं. "आणि आई, पुसताना पडद्यावर 'ऑल' असं आलं ना, तर बिलकुल हात लावू नको. सगळंच जाईल." उषाताई मॅट्रिक झालेल्या. त्यांनी ए डबल एल पाठ करून ठेवलं.

नवऱ्याशी अबोला त्यांनी धरला नाही. त्याचा काही उपयोग नव्हता, दिगूभाऊंनी आधीच धरलेला होता. त्यांनी दुसरंच केलं. सकाळी दिगूभाऊ अंगणात दाढी करत बसले की ह्या कॅमेरा घेऊन बाहेर यायच्या आणि फोटो काढायच्या. तुळशीचा काढला, शेंडा कापून. मांजराचा काढला, नुसत्या शेपटीचा. दोरीवरच्या धोतराचा काढला, निम्मं धोतर आणि निम्मं आभाळ. आणि प्रत्येक वेळी तो पडदा नवऱ्याच्या नाकासमोर धरून म्हणायच्या, "बघा, कसा मस्त आलाय!"

दिगूभाऊंनी दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी उषाताईंनी समोरच्या मोरीचा काढला आणि दाखवला, तेव्हा त्या माणसाचा धीर सुटला. तोंडाला साबण तसाच.

"अगं, काय चाललंय हे? मोरीचा फोटो काढतात का कोणी? आणि उजेड कुठून येतोय, तू उभी कुठं, काही आहे का डोक्यात? आण इकडे!"

"नको. तुमचा हात हलतो."

"आण म्हणतो ना!"

ते कॅमेरा घेऊन तरातरा गच्चीवर गेले, उषाताई मागोमाग टॉवेल घेऊन. गच्चीवरून जामा मशिदीचे मिनार दिसतात, इतवाऱ्यातल्या प्रत्येक गच्चीवरून दिसतात. दिगूभाऊंनी डोळा लावला, झूमचं बटण दाबलं. मिनार जवळ आला, आणखी जवळ आला, वरच्या सज्ज्यावर बसलेली कबुतरं आली. हात थरथरत होता, उषाताईंना दिसत होतं, कोपरापासून थरथरत होता. पण दिगूभाऊ हलेनात. डोळा लावून तसेच उभे.

"काय झालं हो?"

"थांबलंय गं," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "कबुतर थांबलंय. आधी डुचमळलं आणि मग थांबलं. माझा हात हलतोय आणि कबुतर नाही हलत."

त्यांनी फोटो काढला. पडद्यावर कबुतराचा लाल डोळा दिसत होता, मानेवरचा हिरवा रंग दिसत होता. दिगूभाऊंनी गालावरच्या साबणासकट तो फोटो पाहिला, पुन्हा पाहिला, आणि मग तिथंच पाण्याच्या टाकीला टेकून बसले. उषाताईंना रडू फुटलं. दोन वर्षांचं साठलेलं होतं ते. "अहो, साबण वाळला," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांचा गाल पुसत राहिल्या.

त्यानंतर काय विचारता! माणूस दुकानात कमी आणि गच्चीवर जास्त. राजपुऱ्यापर्यंत चालत जायचे, वेशीच्या दरवाज्याचे काढायचे. राजघाटावर उभं राहून नदीतल्या दगडी हत्तीचे काढायचे. संध्याकाळी चौकातल्या कॉम्प्युटर क्लासवाल्याकडे जाऊन कार्ड रिकामं करून आणायचे. विनायकला स्वतः फोन केला. पोरगा मनातल्या मनात तयारी करून बसला होता की बाप आता रागावेल, आणि बापानं विचारलं काय, तर "ह्याच्यात कोरा फ्लॅश कसा मारायचा रे?"

"कोरा फ्लॅश म्हणजे?"

आता हे विनायकला कसं माहीत असणार? धंद्यातली गोष्ट आहे. लग्नात प्रत्येकाला वाटतं आपला फोटो निघावा. मामा येतात, मावश्या येतात, मामांचे शेजारी येतात, खांद्यावर हात टाकून उभे राहतात. रील असते मोजकी. आणि माणसाला नाही कसं म्हणायचं? मग फोटोग्राफर कॅमेरा लावतो, नुसता फ्लॅश उडवतो, बटण दाबतच नाही. लख्ख उजेड पडतो, मामा खूश होऊन पंगतीला जातात. बुऱ्हाणपुरापासून भुसावळपर्यंत सगळे हेच करतात. अल्बम येतो तेव्हा मामा आपापल्या गावी गेलेले असतात.

विनायक हसून हसून बेजार झाला. "बाबा, ह्याला कशाला पाहिजे कोरा फ्लॅश? रीलच नाही तर वाचवायचं काय? काढा किती पण. फक्त पडद्याच्या कोपऱ्यात आकडा असतो, तेवढे शिल्लक. त्याच्याकडे लक्ष ठेवा."

"काढा किती पण," एवढंच दिगूभाऊंनी ऐकलं. कोपऱ्यातला आकडा त्यांच्या कानात शिरलाच नाही.

लग्नाच्या दिवशी उषाताई बरोबर होत्या. एरवी त्या अशा ठिकाणी बायकांत जाऊन बसायच्या, आज त्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि नवऱ्याच्या पाठीशी राहिल्या. अंगणात मांडव, केळीचे खांब, मागच्या बाजूला बट्ट्या भाजल्याचा आणि वांग्याच्या भाजीचा वास. चुडामणच्या बायकोनं, कोकिळानं, लांबूनच हात केला. आणि दिगूभाऊ सुटले.

अहो, चाळीस वर्षं ज्यानं बोटावर मोजून बटण दाबलं, त्याला आज कोणी सांगितलं होतं की मोजू नको. हळद काढली, मंगलाष्टकं काढली, माळा काढल्या. मग मामा आले. दिगूभाऊंनी मामांचा खराखुरा फोटो काढला आणि पडदा फिरवून दाखवला. मामांनी आपलं तोंड तिथल्या तिथं पाहिलं आणि असा आरडाओरडा केला की अख्खी पंगत उठून आली. पोरंटोरं, व्याही, बँडवाले, वाढपी, सगळे. कोणालाच परत पाठवलं नाही. मांडवाच्या खांबाशी चुडामणची विधवा आत्या, भागाबाई, उभी होती. ती प्रत्येक लग्नात पदर सारखा करून उभी राहायची आणि प्रत्येक लग्नात तिला कोरा फ्लॅश मिळायचा. दिगूभाऊ स्वतःहून तिच्यासमोर गेले. "आत्या, इकडे बघा. आज खरा."

"म्हणजे आजपर्यंत खोटा होता का रे मेल्या?" भागाबाई म्हणाली, आणि बोळक्या तोंडानं खदखदून हसली. तोच फोटो आला. तिला दाखवला तेव्हा तिनं पडद्यावरून आपल्या गालाला बोट लावून पाहिलं.

उषाताई जेवायला बसल्या होत्या तेव्हा वाढप्यानं शेजारच्या पाहुणीच्या ताटाऐवजी तिच्या हातावरच वरण ओतलं. पाहुणी किंचाळली, सगळ्या बायका हसल्या, उषाताई तर पदर तोंडाला लावायचंसुद्धा विसरल्या. दिगूभाऊंनी अंगणाच्या पार पलीकडून झूम लावून ते हसू पकडलं. येऊन दाखवलं. "बघ. लग्न झाल्यापासून तुझा असा फोटो नव्हता मिळाला. कॅमेरा पाहिला की तुझं तोंड बंद होतं." उषाताई लाजल्या, "पुसा तो, दात दिसताहेत," म्हणाल्या. पण त्यांना तो फोटो आवडला. फार आवडला.

उन्हं उतरायला लागली आणि पाठवणीची वेळ झाली. सगळा बायकांचा घोळका दाराशी. कोकिळानं कुंकवाची परात आणली. दिगूभाऊंना जवळ जायला जागाच नव्हती, ते अंगणातल्या कडुनिंबाच्या पारावर चढून उभे राहिले. "इथून बरोबर दिसतंय," ते म्हणाले, "झूम आहे ना." वंदनानं दोन्ही तळवे परातीत बुडवले. लाल तळवे वर धरून ती भिंतीसमोर उभी राहिली आणि वळून ओरडली, "काका, उमटवू ना?"

दिगूभाऊंनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि कोपऱ्यात नुसतं शून्य.

"काय झालं?"

"कार्ड भरलं," दिगूभाऊ म्हणाले. तोंडावर रंग राहिला नाही. "रील संपली की खटका अडतो, हाताला कळतं. ह्याचं काही कळलंच नाही मला."

"मग पुसा एखादा. विनूनं सांगितलंय ना. ते बटण."

दिगूभाऊंनी अंगठा बटणावर नेला. आणि इथं ते सावरून घेणारं भिंग काय कामाचं? ते बाहेरचं सावरतं, अंगठ्याला कोण सावरणार? अंगठा बटणावरून घसरला, शेजारच्या बाणावर पडला, पडद्यावर एक यादी आली. पुन्हा दाबायला गेले, यादी खाली सरकली. उषाताईंनी वाकून पाहिलं. ए डबल एल. निळ्या पट्टीत तीच अक्षरं. अजून एकदा अंगठा घसरला असता तर हळदीपासून मंगलाष्टकांपर्यंत सगळं गेलं असतं.

"हात लावू नका!" त्या ओरडल्या.

सगळं अंगण वळलं. बँडवाले वळले, मामा वळले, चुडामण दाराच्या चौकटीतून पुढं आले. वंदना तशीच उभी, तळव्यांतून कुंकू मनगटावर ओघळायला लागलेलं. आणि पारावर, सगळ्यांच्या माथ्यावर, दिगूभाऊंचा उजवा हात थरथरत होता. लपवायला मांडी नव्हती, पिशवी नव्हती. उषाताईंना वाटलं, संपलं. आता हा माणूस खाली उतरणार, चपला घालणार आणि घरी जाणार, आणि पुन्हा कधी कॅमेऱ्याला शिवणार नाही. त्यांना ते इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनी पाराची कड घट्ट धरली.

दिगूभाऊ उतरले नाहीत. त्यांनी कॅमेरा खाली केला आणि तो हलता हात तसाच सगळ्यांदेखत उषाताईंकडे पुढं केला.

"उषा, ये वर. माझ्याच्यानं दाबलं जात नाही. तू दाब."

उषाताई कशा चढल्या त्यांना कळलं नाही. कोणीतरी खालून हात दिला. त्यांनी बाण दाबून ते ए डबल एल घालवलं. यादी गेली आणि पडद्यावर शेवटचा फोटो आला. त्यांचाच. तोंड उघडं, दात दिसताहेत, पंगतीत हसताना.

"हा नको," दिगूभाऊ घाईनं म्हणाले. "मागे जा, कोणाचा तरी दुसरा... मामांचा पुस."

"मामांना शोधत बसू? कुंकू वाळतंय पोरीचं."

"उषा, हा नको गं."

"तुम्ही तिकडे बघा," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. त्यांचं बोट अजिबात हललं नाही. कोपऱ्यात एक आला.

"उमटव गं वंदना!" दिगूभाऊंनी हाक दिली. पोरीनं तळवे भिंतीला टेकवले. दिगूभाऊंनी डोळा लावला, झूम पुढं नेली. उषाताई शेजारी उभ्या होत्या, त्यांना नवऱ्याचं कोपर लागत होतं, थरथर थेट जाणवत होती. खटकन आवाज झाला.

वंदना मागं न बघता गाडीकडे निघाली, बायकांनी गळा काढला, बँड वाजला. पारावर दोघं म्हातारे पडद्यात डोकं घालून उभे होते. फोटो आला होता. भिंत, लाल तळवे, बोटांमधून ओघळलेला एक थेंब, आणि पोरीचं अर्धं तोंड, ओठ घट्ट मिटलेले. सगळं ठसठशीत. कुठंही हललेलं नाही.

गाडी गेली. अंगण रिकामं झालं. चुडामण डोळे पुसत आले आणि पाराच्या कडेला बसले. दिगूभाऊंनी त्यांना फोटो दाखवला. चुडामणनी पडदा डोळ्यांजवळ नेऊन लेकीचे तळवे पाहिले. मग दिगूभाऊच बोलले.

"चुडामण, तुला एक सांगायचं होतं. आधीच सांगायला पाहिजे होतं. माझा हात..."

"मले माहीत आहे."

"आज पाहिलंस ते. पण हे आजचं नाही."

"आजचं कशाले? मागच्या साली अखाजीच्या सणाले तू घरी आला होता ना, पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलला तू. मी काय आंधळा आहे?"

दिगूभाऊंनी कॅमेरा मांडीवर ठेवला. "माहीत होतं आणि तरी मला बोलावलंस? निंबाला सांगायचं होतं. लेकीचा फोटो हलला असता म्हणजे?"

"हलला असता तर हललेला लावला असता. त्यात काय?" चुडामण चिडूनच म्हणाले. "माझ्या बहिणींचे तू काढले, थोरलीचा तू काढला. हिच्या टायमाले तिसऱ्याच माणसाले उभं करू? पोरगी उद्या विचारेल ना, बाबा, माझ्या वेळेस दिगूकाका कुठं होते म्हणून. तिले काय सांगू?"

आता मात्र उषाताईंचा तोल सुटला. "अहो चुडामणभाऊ! मग तोंडातून एक शब्द काढायचा होता की! इकडे आमच्या जिवाला घोर, ह्यांना अन्न गोड लागत नाही, मी चोरून फोन करतेय, पोरगं सिंगापूरहून कॅमेरा आणतंय! माहीत होतं तर बोलायला काय झालं होतं?"

चुडामणनी उपरण्यानं नाक पुसलं. "त्याले लपवायचं होतं, वयनी," ते म्हणाले. "मी लपवू दिलं."

दिगूभाऊंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलायला लागले. उषाताईंनी त्यांचा उजवा हात उचलून आपल्या दोन्ही हातांत घेतला. एवढ्या वर्षांच्या संसारात बाहेरच्या माणसासमोर त्यांनी नवऱ्याचा हात कधी धरला नव्हता. मागच्या बाजूला वाढपी भांडी घासत होते, भागाबाई खांबाशी बसून सगळं बघत होती. हात त्यांच्या ओंजळीत थरथरत राहिला, आणि त्यांनी तो दाबून धरला नाही, थरथरू दिला.